कालव्याकाठी खोली मिळेल (पाणी सुटल्यास)

परतूरजवळच्या आमच्या आष्टीला पर्यटक येणार, याबद्दल पुतण्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. तो पुण्यात नोकरीला असतो. गावाकडची हवा, गावाकडची भाकर आणि गोवरीच्या रूपात गावाकडचं शेणसुद्धा पुण्याची माणसं पैसे मोजून घेतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात त्याच्या साहेबांनी विलायतेहून आल्यावर फोटो दाखवले. तिकडे म्हणे लोक सुटीत कालव्याच्या काठी कुणाच्या तरी घरात खोली घेऊन राहतात. सकाळी खिडकी उघडली की समोर पाणी, पाण्यात बदकं आणि बदकांच्या मागून सावकाश जाणारी एक लांबट नाव. खाली घरमालकीण अंडी, पाव आणि मुरंबा मांडून बसलेली. एका रात्रीचे पैसे म्हणाल तर आमच्या दोन क्विंटल सोयाबीनचे.

"काका," पुतण्या म्हणाला, "आपल्या वावराला लागून जायकवाडीचा डावा कालवा आहे. मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. काकू रोज सकाळी धपाटे करतेच. मग अडलंय कुठं?"

कागदावर तर कुठंच अडलेलं नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहरी योजना कैक वर्षांपासून आहे. केंद्र सरकारची अतुल्य भारत नावाने तशीच एक आहे. तिच्यात मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचं आणि एक ते सहा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. दर्जे दोन, सुवर्ण आणि रौप्य. पत्र्याच्या खोलीला कोणता दर्जा, हे त्यात दिलेलं नाही, पण सरकारने कधी कुणाला पत्र्यावरून कमी लेखलेलं नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालचं. 2023 मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात बाईच्या नावावर धंदा काढला की 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. म्हणजे काकूंनी फक्त सही करायची आणि धपाटे चालू ठेवायचे. शिवाय 2016 मध्ये सुरू झालेल्या रुर्बन मिशनमध्ये आष्टीची निवड झालेलीच होती. गावाचा आत्मा गावाचा आणि सोयी शहराच्या, असं त्या मिशनचं म्हणणं होतं. आत्मा आमच्याकडे आधीपासून होता.

खरी अडचण पहिल्याच पाहुण्याला येणार, आणि तीही आष्टीला पोचण्याआधी. मोबाईलवर आष्टी टाकली की महाराष्ट्र त्याच्यापुढे आष्ट्यांची रांग लावतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टीला 2022 मध्ये नगरहून रेल्वे आली, त्यामुळे निम्मे पाहुणे तिकडेच उतरतील. इतिहासाची आवड असलेले मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला जातील. 1818 मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथल्या लढाईत पडले. देशभक्त पाहुणा वर्ध्याच्या आष्टीला जाईल, कारण ती 1942 च्या हुतात्म्यांची. नदीचा नाद असलेला सरळ गडचिरोली गाठेल. तिथली आष्टी वैनगंगेच्या काठी आहे आणि नदीकाठच्या मुक्कामावर खरा हक्क सांगावा तर तिनेच. एवढ्या सगळ्यांतून चुकून उरलेला जो कोणी परतूर स्टेशनवर उतरून 'कालवा कुठे आहे?' असं विचारेल, तो आमचा.

आता कालवा. फ्रान्सच्या दक्षिणेत मिदीचा कालवा आहे, 240 किलोमीटर लांबीचा. पिएर-पॉल रिके नावाच्या गृहस्थाने तो खोदला आणि 1681 मध्ये तो सुरू झाला. हा रिके मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. वसुलीत कमावलेला पैसा त्याने कालव्यात घातला, वर कर्ज काढलं आणि कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी वारला. आपल्याकडे लोक कालव्यातून पैसा काढतात. कालव्यात पैसा घालून कर्जबाजारी मेलेला कंत्राटदार दाखवा आणि आमच्याकडे आठ दिवस फुकट राहा.

लांबीत आम्ही फ्रान्सच्या फार मागे नाही. आमचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. पैठणला जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून निघतो, अंबड, घनसावंगी, परतूर करत पुढे परभणी जिल्ह्यात शिरतो. फरक एकच आहे. त्यांचा कालवा नावा चालवायला खोदला, म्हणून त्यात पाणी ठेवावंच लागतं. आमचा पिकं भिजवायला खोदला, म्हणून त्यात पाणी येतं ते आवर्तनाला, म्हणजे ठरलेल्या पाळीला. एरवी त्यात शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि वेडी बाभूळ वाढते. बाभळीला मात्र आवर्तन लागत नाही, नमुना नंबर सातचा अर्जही करावा लागत नाही. संपूर्ण लाभक्षेत्रात तिच्याइतका सुखी लाभधारक दुसरा नाही.

पुतण्याने विचारलं, "मग पर्यटनाचा हंगाम कोणता लिहायचा?" त्याला सांगितलं, तो आपण लिहायचा नसतो. पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. रब्बीला किती पाळ्या, उन्हाळ्यात किती, ते तिथे ठरतं. बैठक कधी होणार ते मंत्र्यांच्या सवडीवर, आणि पाण्याची तारीख बैठकीवर. मग एक दिवस पेपरात छापून येतं की डाव्या कालव्यात पाणी सोडलं. पेपर वाचून हुरळून आलेल्या पाहुण्याला कोरडा कालवा बघून वाटेल, आपण फसलो. तो फसलेला नसतो. पाणी खरंच सोडलेलं असतं, फक्त ते अजून वाटेत असतं. अस्तर उखडलेलं, सांध्यांतून गळती, काठावर रांगेने मोटारी. पैठणला 'सुटलं' आणि आष्टीला 'आलं' यांच्या मधे बरंच काही होतं, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावांत तर 'आलं' हे क्रियापद नातेवाइकांपुरतंच वापरतात.

खिडकीतून पाणी दिसेल की नाही, हे तर नाथसागराच्याही हातात नाही. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये या धरणाची पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी 1976 मध्ये लोकार्पण केलं, आणि तेव्हापासून ते भरण्यासाठी आम्ही मान वर करून बघतो आहोत. आभाळाकडे आणि नाशिक-नगरकडे. गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही सगळी धरणं आमच्या वरच्या अंगाला. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा. त्याखाली वरून पाणी सोडायची वेळ आली की वरचे मोर्चा काढतात, खालचे मोर्चा काढतात आणि दोघांचेही वकील मुंबईला जातात. विलायतेतल्या मालकिणीला पाहुण्याने 'खोलीतून पाणी दिसतं का?' असं विचारलं तर ती पडदा सारून दाखवते. आमच्या काकूंना आधी न्यायालयाची पुढची तारीख बघावी लागेल.

ज्या वर्षी नाथसागरच मृतसाठ्यात जातो, त्या वर्षीचा प्रश्नच मिटला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. त्या साली कुणी कालव्याकाठची खोली मागितली असती, तर आम्ही त्याला रुळाकाठची दिली असती. पाणी रुळांवरूनच जात होतं.

पुतण्याला वाटतं, कालव्याकाठच्या मुक्कामाची कल्पना त्याच्या साहेबांनी विलायतेहून आणली. त्याला ठाऊक नाही की आपल्या पाटबंधारे खात्याने ती इंग्रज असल्यापासून चालवली आहे. मुठा, नीरा, प्रवरा असे जुने कालवे खोदले तेव्हा कालव्याच्या कडेने साहेबासाठी बंगले बांधले. साहेब घोड्यावरून कालवा तपासत यायचा, संध्याकाळी बंगल्यावर उतरायचा. व्हरांड्यात आरामखुर्ची, आत खानसामा, बाहेर चिंचेची नाहीतर वडाची झाडं. इंग्रज गेले, घोडा गेला, त्या जागी आधी जीप आणि मग एसी गाडी आली. बंगल्याचं नाव निरीक्षण बंगला तेच राहिलं. निरीक्षण कशाचं, ते विचारायची पद्धत नाही. या बंगल्यांत खोली रिकामी नसते आणि खोलीत कुणी नसतंही. 'साहेब येणार आहेत,' असं चौकीदार सांगतो, आणि त्याच्या बोलण्यातल्या श्रद्धेवरून वारकऱ्याने शिकावं. अभिप्रायाची वही उघडून बघा. व्यवस्था उत्तम, जेवण उत्तम, परिसर रम्य. कालव्याबद्दल एक ओळ सापडली तर कळवा.

2019 मध्ये जलसंपदा खात्याने आपली धरणाजवळची विश्रामगृहं आणि मोकळ्या जागा पर्यटनासाठी खासगी माणसांना द्यायचं धोरण काढलं. आमचा त्याला पाठिंबा आहे. धरणातलं पाणी शेतकऱ्याला देता येत नसेल, तर निदान त्याचा देखावा तरी कुणाला तरी देऊन टाकावा.

"कालवा राहू द्या," पुतण्या म्हणाला, "गोदावरी आहे की." आहे ना. आम्ही तिला गंगाच म्हणतो, आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी. हीच गंगा पुढे आंध्रात समुद्राजवळ जाते, तिथे कोनसीमेत घरं बांधलेल्या नावा तिच्यावर तरंगतात आणि पाहुणे त्यांत झोपून माशाचं जेवण जेवतात. आमच्या अंगणातून जाताना मात्र ती खात्याची असते. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे तिच्यावर एकापुढे एक बांधले आहेत, आणि त्यांच्या फुगवट्यात चार महिने खरोखर देखणं पाणी असतं, हे कबूल केलं पाहिजे. पहाटे गंगेवरून वारा येतो तेव्हा सोन्याचांदीचे दर्जे देणाऱ्या समितीला तिथे आणून बसवावंसं वाटतं. पण खाली नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे त्याची दारं 1 जुलैला उघडायची आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडीच ठेवायची. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा बंधाऱ्याला अडवायची मनाई, आणि अडवायची मुभा मिळते तेव्हा नदी निघून गेलेली. असा नदीकाठचा देखावा जगात दुसरीकडे नसेल. तिथल्या मालकाने भिंतीवर कॅलेंडर लावावं आणि बाजूला निकालपत्राची प्रत.

नदीकाठी शांतता असते, हाही एक शहरी समज. दिवसा असते. रात्री आमची गंगथडी जागी होते. ट्रॅक्टर, हायवा, जेसीबी, सगळे दिवे मालवून येतात, आणि पहाटेपर्यंत पात्रातली वाळू जागा बदलत राहते. महसूलचं पथक येण्याआधी पथक येतंय ही बातमी येते. आमच्या भागातली सर्वांत वेळेवर मिळणारी सार्वजनिक सेवा तीच. सकाळी पाहुणा नदीवर गेला की काल जिथे वाळू होती तिथे डोह दिसेल. त्याला जलतरण तलाव म्हणून छापील पत्रकात घालता येईल का, असं पुतण्याने विचारलं. पोरगं धंद्यात पुढे जाणार.

आणि वर्ष फिरलं की हीच गंगा अशी येते की कुणाला मुक्कामाचं निमंत्रण द्यावंच लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये नाथसागराचे दरवाजे उघडून विसर्ग वाढवत नेला, तेव्हा गंगथडीच्या कितीतरी गावांतली माणसं रातोरात हलवावी लागली. सोयाबीन, कापूस, ऊस, सगळं पाण्याखाली. त्या रात्रींचा निवास शाळेत होता आणि न्याहरी ज्याने आणून दिली त्याची.

कालव्याच्या बाबतीत पुण्याच्या पाहुण्याला आम्ही नवीन काय दाखवणार, हाही प्रश्न आहे. 27 सप्टेंबर 2018 ला मुठेचा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि गरिबांच्या घरांत शिरला. भांडी, गाद्या, पोरांची दप्तरं वाहून गेली. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी सांगितलं की उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला होता. आमच्या कालव्याकाठी हे तिन्ही प्राणी मुबलक आहेत. वन्यजीव दर्शनाचे पैसे वेगळे लावावेत, असं पुतण्याचं मत पडलं.

न्याहरीचं मात्र आम्ही कुणाचं ऐकून घेणार नाही. विलायती अंडी-पाव काकूंच्या धपाट्यापुढे काय टिकणार? ज्वारीच्या पिठात बेसन, लसूण, मिरची, तीळ, कोथिंबीर, आणि सोबत घट्ट दही. चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर कच्चा कांदा. रात्रीची शिळी भाकर कुस्करून तिला तेल-मिठाची फोडणी. पण पर्यटन खात्याच्या नमुन्यात 'मेनू' असा रकाना असतो, तिथे पुतण्याने पोहे, सँडविच आणि कॉर्नफ्लेक्स लिहून टाकलं. आम्ही म्हटलं, कामून रे? तर म्हणाला, पाहुण्यांना घरचं वाटलं पाहिजे. म्हणजे पाहुण्याने पुण्याहून आष्टीला यायचं ते पुण्याच्या घरी असल्यासारखं वाटावं म्हणून. पैसे लोक खरंच उगाच मोजत नाहीत.

हा सगळा हिशोब चालू असताना काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कालव्यावर झोपायला पैसे द्यायचे? मग यांना आजपर्यंत किती आले असते?"

बाईंनी एका वाक्यात पर्यटन धोरण तपासून टाकलं. कालव्याकाठच्या मुक्कामाचे जुने गिऱ्हाईक आम्हीच आहोत. पाळी आली की ती रात्रीची असो की दिवसाची, चारीवर जावं लागतं. विहिरीवर मोटार असली तरी थ्री फेज लाईट आठवडाभर रात्रीची. घोंगडी, बॅटरी, काठी घेऊन माणूस दारं धरायला निघतो. खाली चिखल, वर थंडी, मधे विंचू-काटा आणि रानडुकरं. दोन भाऊ असले तर एकाने वावरात पाणी बघायचं आणि दुसऱ्याने वर जाऊन चारीच्या तोंडाशी बसायचं, कारण आपण डोळा मिटला की पाणी वाट बदलतं. सकाळी घरून पोरगं फडक्यात भाकर-ठेचा बांधून आणतं. निवास झाला, न्याहरी झाली, काठही कालव्याचाच. फक्त याला अजून कुणी पर्यटन म्हटलेलं नाही.

आणि आमच्याही पुढची पायरी बघायची तर ऊसतोडवाले. बीड-जालन्याच्या तांड्यांवरून, वाड्या-वस्त्यांवरून दिवाळी झाली की गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, माणसं मोजायची रीतच तशी. कृष्णेकाठी, भीमेकाठी, नीरेच्या कालव्याकाठी, कारखाना जिथे नेईल तिथे पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी उभी राहते. पाहुण्यांच्या खोलीला 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणतात, ते यांना अंथरुणात मिळतं. कोपीतली बाई पहाटे तीन-चारला उठून चुलीवर भाकरी थापते, लेकरू झोळीत टाकते आणि उजाडायच्या आत फडात उभी राहते. नदीकाठच्या निवास व न्याहरीचा महाराष्ट्रात सर्वांत मोठा अनुभव कुणाला, अशी चाचणी घेतली तर पर्यटन महामंडळाच्या नोंदणीत नसलेल्या या बायका पहिल्या येतील. त्यांच्या मुक्कामाला सुवर्ण दर्जा मागत नाही आम्ही. संडास आणि प्यायचं पाणी मागतो. त्यासाठी अजून कुठल्या धोरणाचं नाव 'आई' ठेवावं लागेल ते सरकारने ठरवावं.

तर पुतण्याने शेवटी फलक रंगवलाच. 'कालव्याकाठी खोली मिळेल' अशी मोठी ओळ आणि खाली बारीक अक्षरात 'पाणी सुटल्यास'. दर दोन लिहिले आहेत. पाणी असताना एक, नसताना निम्मा. मराठवाड्यातल्या धंद्याला एवढा प्रामाणिकपणा परवडत नाही, पण पोरगं शिकलेलं आहे.

वाचकांपैकी कुणाला खरंच यायचं असेल तर जरूर या. रब्बीचं दुसरं आवर्तन जाहीर झाल्यावर निघा, म्हणजे तुम्ही आणि पाणी साधारण एकदमच पोचाल. परतूरला रेल्वे थांबते, तिथून आष्टीची गाडी विचारा, बीडची सांगितली तर बसू नका. सोबत बॅटरी आणि जाड कपडे आणा. रात्री खोलीत झोपण्यापेक्षा आमच्याबरोबर चारीवर बसा, त्याचं भाडं घेणार नाही. सकाळी काकूंचे धपाटे खा. आणि पाटबंधारे खात्यात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर जाण्यापूर्वी त्यांना एक फोन तेवढा करा: यंदा टेलला पाणी येऊ द्या म्हणावं.